रक्तातला एक आकडा आणि यकृताचा कर्करोग



हल्ली आपल्या मंडळींत बसले की कोणी ना कोणी मोबाईल पुढे करते आणि विचारते, "सिस्टर, हे लाल रंगात काय आले आहे?" कुपात होलीमचे रक्ताचे रिपोर्ट आता डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याआधीच आपल्या हातात पडतात. त्यात कधी ए.एफ.पी. अशी एक ओळ असते. नातवाने इंटरनेटवर पाहून सांगून टाकलेले असते, "सावता, ही तर कॅन्सरची टेस्ट!" मग त्या रात्री घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

याच्या अगदी उलट वागणारेही भेटतात. आकडा नॉर्मल आला, आता कशाला धावपळ, म्हणून ते अल्ट्रासाऊंडचा तोर रद्द करतात. घाबरलेल्या माणसाची दोन-चार दिवस झोप जाते, पण तो डॉक्टरकडे तरी जातो. निर्धास्त झालेल्याची मला जास्त काळजी वाटते.

म्हणून या अंकात यकृताच्या कर्करोगाविषयी आणि त्याच्या रक्तातल्या खुणांविषयी लिहीत आहे. या खुणांना डॉक्टर बायोमार्कर किंवा ट्युमर मार्कर म्हणतात. एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे: रक्तातला एक सुटा आकडा तुम्हाला कर्करोग आहे असेही सांगू शकत नाही आणि नाही असेही सांगू शकत नाही. तो आकडा कोणाच्या रक्तातला आहे, मागच्या वेळी किती होता आणि सोबतच्या अल्ट्रासाऊंडमध्ये काय दिसले, या तिन्ही गोष्टी जोडल्या की त्याला अर्थ येतो.

न बोलणारा अवयव

यकृत म्हणजे लिव्हर. ते उजवीकडे बरगड्यांच्या आड असते. हिब्रूत त्याला कावेद म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे जड. नाव योग्यच आहे, कारण शरीराच्या आतला हा सर्वांत वजनदार अवयव आहे. मोठ्या माणसात तो सुमारे दीड किलो भरतो. अन्नातली साखर साठवणे, पित्त तयार करणे, रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे, औषधे आणि दारू यांचा निचरा करणे, अशी शेकडो कामे तो मुकाट्याने करतो.

हा मुकाटपणाच आपल्याला भोवतो. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. वरचे आवरण ताणले गेले तरच दुखते. त्यातून यकृताचा बराच भाग खराब झाला तरी उरलेला भाग काम सांभाळून नेतो. हॉस्पिटलच्या पनिमित वॉर्डात काम करताना मी असे किती तरी रुग्ण पाहिले, की ज्यांचे डोळे पिवळे झाल्यावर किंवा पोटात पाणी भरल्यावरच ते पहिल्यांदा आले होते. "आतापर्यंत काहीच त्रास नव्हता हो," असे घरची माणसे सांगत आणि ते खरेच असे. त्रास होईपर्यंत गाठ मात्र मोठी झालेली असे.

जगात कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये यकृताचा कर्करोग तिसऱ्या क्रमांकावर आहे. इथे एक फरक सांगायला हवा. आतड्याचा किंवा स्तनाचा कर्करोग पसरून यकृतात जातो, तो वेगळा. मी लिहीत आहे तो यकृताच्या स्वतःच्या पेशींत सुरू होणारा कर्करोग. तो बहुधा धडधाकट यकृतात होत नाही. दहापैकी आठ-नऊ रुग्णांचे यकृत आधीच सिरोसिसने ग्रासलेले असते. वर्षानुवर्षे सूज राहून यकृतात व्रण पडतात आणि ते कठीण व गाठाळ होते, त्याला सिरोसिस म्हणतात. त्यामागची मुख्य कारणे चार: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू आणि यकृतात साठलेली चरबी म्हणजे फॅटी लिव्हर.

बाळाचे प्रथिन म्हाताऱ्याच्या रक्तात

ए.एफ.पी. म्हणजे अल्फा फिटोप्रोटीन. हे प्रथिन मुळात गर्भातल्या बाळाचे. आईच्या पोटात असताना बाळाचे यकृत ते भरपूर बनवते. जन्मानंतर ते झपाट्याने कमी होते आणि बाळ साधारण वर्षाचे होईपर्यंत मोठ्या माणसाइतके खाली येते.

आपल्या सुना-नातींच्या गरोदरपणात इथे जी हेल्बोन ऊबारी नावाची तपासणी करतात, तिच्यात हेच प्रथिन मोजतात. हेल्बोन ऊबारी याचा अर्थच मुळी गर्भाचे प्रथिन. म्हणजे नातीच्या आणि आजीच्या कागदावर एकच नाव असू शकते आणि त्याचे कारण मात्र अगदी वेगळे. तेव्हा गरोदर मुलीचा ए.एफ.पी. वाढलेला पाहून कर्करोगाचा विचार मनात आणू नका. गरोदरपणी तो वाढतोच.

१९६३ साली मॉस्कोमध्ये गारी आबेलेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात हे गर्भाचे प्रथिन सापडले. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांना ते यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातही आढळले. कर्करोगाच्या पेशी आपले मोठेपण विसरून पुन्हा गर्भातल्या पेशींसारख्या वागू लागतात आणि बंद पडलेले जुने काम पुन्हा सुरू करतात, असे समजा.

आकडा वाचावा कसा

बहुतेक प्रयोगशाळांत मोठ्या माणसाचा ए.एफ.पी. एक मिलिलिटर रक्तद्रवात १० नॅनोग्रामपेक्षा कमी असला तर तो नॉर्मल धरतात. यकृताच्या रुग्णांवर लक्ष ठेवताना २० ही रेघ धरतात. तिच्या वर आकडा गेला किंवा सतत चढत राहिला तर पुढची तपासणी करतात. काही प्रयोगशाळा नॅनोग्रामऐवजी युनिटमध्ये मोजतात आणि १ युनिट म्हणजे सुमारे १.२ नॅनोग्राम होतात. म्हणून दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवताना आकड्यापुढचे माप आधी पाहावे.

आता या तपासणीच्या दोन उणिवा.

पहिली उणीव: कर्करोग असूनही आकडा नॉर्मल राहू शकतो. यकृताचा कर्करोग असलेल्या दहा रुग्णांपैकी तीन-चार जणांचा ए.एफ.पी. वाढतच नाही. गाठ लहान असेल तर तो न वाढण्याचीच शक्यता जास्त, आणि नेमकी लहान गाठच आपल्याला वेळेत पकडायची असते. म्हणून "ए.एफ.पी. नॉर्मल आहे, अल्ट्रासाऊंड नको," हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरी उणीव: कर्करोग नसूनही आकडा वाढू शकतो. हिपॅटायटिस बी किंवा सी उसळला, यकृताला काही इजा होऊन ते भरून येऊ लागले, तरी ए.एफ.पी. चढतो, कारण नव्या पेशी तयार होताना तो बनतो. अंडाशयाच्या आणि वृषणाच्या काही गाठींतही तो वाढतो. थोड्या घराण्यांत तर तो जन्मभर उगाचच जास्त असतो.

मग करायचे काय? चाल पाहायची. समजा, एका बाईंचे सहा-सहा महिन्यांचे आकडे ३४, ३१, ३३ असे आले. रेघेच्या वर आहेत, पण एका जागी बसलेले आहेत. त्यांचा हिपॅटायटिस जागा असेल. दुसऱ्या गृहस्थांचे आकडे ५, ९, १७ असे आले. तिन्ही वेळा २० च्या आत आहेत, तरीही दर खेपेला जवळजवळ दुप्पट होत आहेत. अनुभवी डॉक्टर या गृहस्थांचा कागद बाजूला ठेवणार नाही. शेवटच्या रिपोर्टवर लाल रंग नसेल, पण तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले की गोष्ट दिसते.

आणखी एक बारीक गोष्ट. केस आणि नखे चांगली राहावीत म्हणून पुष्कळ बायका बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात. काही यंत्रांवर रक्ताच्या तपासण्यांत बायोटिनचाच वापर असतो, त्यामुळे या गोळ्यांनी आकडा खोटा येऊ शकतो. ए.एफ.पी.सारख्या तपासणीत तो खरा असेल त्यापेक्षा कमी दिसू शकतो. तेव्हा रक्त देण्याआधी या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना आणि नर्सला द्या.

ही तपासणी कोणासाठी?

सगळ्यांसाठी नाही. धडधाकट माणसाने हौसेने ए.एफ.पी. करून घेऊ नये. त्यातून उगाच घोर लागतो आणि नको त्या तपासण्या मागे लागतात. नियमित तपासणी हवी ती यांना:

सिरोसिस झालेल्या व्यक्ती, मग कारण कोणतेही असो.

हिपॅटायटिस बी अंगात मुरलेल्या काही व्यक्ती, सिरोसिस नसला तरीही. आशियाई वंशाच्या पुरुषांनी वयाच्या ४० नंतर आणि स्त्रियांनी ५० नंतर ती सुरू करावी, असे यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. घरात कोणाला यकृताचा कर्करोग झालेला असेल तर त्याहून लवकर.

हिपॅटायटिस सी बरा झालेल्या, पण त्याआधीच सिरोसिस होऊन गेलेल्या व्यक्ती. विषाणू गेला तरी व्रण राहतात, म्हणून त्यांनी तपासणी सोडू नये.

आता पुष्कळजण म्हणतील, "मला सिरोसिस आहे की नाही हे मला कसे कळणार?" मधुमेह, वाढलेले पोट आणि अल्ट्रासाऊंडमध्ये फॅटी लिव्हर हे त्रिकूट आपल्या भारतीय घरांत फार. आपले लोक अंगाने सडपातळ दिसले तरी चरबी पोटात साठवतात. अशांसाठी फिब-४ नावाचा एक सोपा हिशेब आहे. त्यासाठी वेगळे रक्त द्यावे लागत नाही. नेहमीच्या रिपोर्टमधले तीन आकडे आणि तुमचे वय एवढे पुरते. भारतात ज्यांना एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. म्हणतात ते दोन, आणि तिसरा प्लेटलेट्सचा.

वयाला जी.ओ.टी.ने गुणा. प्लेटलेट्सच्या आकड्याला, हजारांत, जी.पी.टी.च्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. समजा वय ६५, जी.ओ.टी. ४२, जी.पी.टी. २५ आणि प्लेटलेट्स १४० हजार. ६५ गुणिले ४२ म्हणजे २७३०. २५ चे वर्गमूळ ५, म्हणून १४० गुणिले ५ म्हणजे ७००. भागाकार आला ३.९.

उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर यकृत फारसे कठीण झालेले नसावे. वय ६५ च्या पुढे असेल तर १.३ ऐवजी २ धरतात. २.६७ च्या वर गेले तर यकृततज्ज्ञांना दाखवायलाच हवे. वरच्या उदाहरणात जी.पी.टी. अगदी नॉर्मल आहे, जी.ओ.टी. जेमतेम चढलेला आहे, आणि तरी उत्तर ३.९ आले! "माझे लिव्हर फंक्शन नॉर्मल आहे," असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. अर्थात हा हिशेब म्हणजे निदान नव्हे. उत्तर जास्त आले तर फॅमिली डॉक्टरांकडून हफनाया घेऊन फायब्रोस्कॅन करून घ्यायचा. त्यात यकृत किती कठीण झाले आहे ते बरगड्यांवर लहानसे यंत्र टेकवून मोजतात. दुखत नाही आणि काही मिनिटांत होते.

दर सहा महिन्यांनी जोडीने

ज्यांना लक्ष ठेवायला सांगितले आहे त्यांनी दर सहा महिन्यांनी यकृताचा अल्ट्रासाऊंड आणि त्याच सुमारास ए.एफ.पी. करायचा. दोन्ही का? सिरोसिसच्या रुग्णांवरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ साली असे दिसले की केवळ अल्ट्रासाऊंडने सुरुवातीच्या अवस्थेतले १०० पैकी ४५ कर्करोग सापडतात. जोडीला ए.एफ.पी. असेल तर ६३ सापडतात. जाड अंगाच्या माणसात आणि फॅटी लिव्हरमध्ये अल्ट्रासाऊंडचे चित्र धूसर येते, तेव्हा रक्ताचा आधार जास्तच लागतो.

सहा महिनेच का? कारण अशी गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत आकाराने दुप्पट होते. वर्षभर थांबलो तर लहान गाठीची मोठी गाठ होऊन बसते.

आणि याचा उपयोग होतो का? चीनमध्ये शांघाय शहरात हिपॅटायटिसच्या सुमारे १९ हजार लोकांचे दोन गट केले होते. एका गटाची दर सहा महिन्यांनी ए.एफ.पी. आणि अल्ट्रासाऊंडने तपासणी केली, दुसऱ्या गटाची केली नाही. २००४ साली त्याचा निकाल छापून आला. तपासणी झालेल्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले होते. विशेष म्हणजे त्या गटातले लोकही ठरलेल्या तपासण्यांपैकी सहा दशांशदेखील तपासण्यांना हजर राहिले नव्हते. तरीही एवढा फायदा झाला.

मसूर आणि व्हिटॅमिन के

ए.एफ.पी.च्या उणिवा भरून काढण्यासाठी आणखी दोन खुणा वापरात आल्या आहेत. जपानमध्ये त्या बरीच वर्षे नेहमीच्या वापरात आहेत. इतरत्र त्या हळूहळू येत आहेत. तुमच्या रिपोर्टमध्ये दिसल्या तर नावे अनोळखी वाटू नयेत म्हणून सांगते.

पहिली एल-३. ए.एफ.पी.चेच तीन पोटप्रकार आहेत आणि त्यांतला तिसरा कर्करोगाच्या पेशी जास्त बनवतात. तो वेगळा कसा काढायचा? आपल्या स्वयंपाकघरातल्या मसुरात एक प्रथिन असते, त्याला हा तिसरा प्रकार बरोबर चिकटतो. म्हणून त्याचे शास्त्रीय वर्णनही मसुराच्या नावाने करतात. एकूण ए.एफ.पी.मध्ये एल-३ चा वाटा १० टक्क्यांच्या वर गेला तर संशय वाढतो. जुन्या हिपॅटायटिसमुळे ए.एफ.पी. चढला आहे की दुसरे काही आहे, हे ओळखायला याची मदत होते. मात्र मसुराची आमटी खाऊन हा आकडा खालीवर होत नाही, हे आताच सांगून ठेवते!

दुसरी खूण पिव्का-२, हिलाच डी.सी.पी. म्हणतात. रक्त गोठवणारे प्रोथ्रोम्बिन नावाचे प्रथिन यकृतात बनते आणि ते पुरे व्हायला व्हिटॅमिन के लागते. कर्करोगाच्या पेशींत हे काम अर्धवट राहते आणि अर्धकच्चे प्रोथ्रोम्बिन रक्तात उतरते. तेच मोजतात. काहींचा ए.एफ.पी. नॉर्मल असतो पण पिव्का वाढलेला असतो, म्हणून दोन्ही मिळून जास्त गाठी सापडतात. पण एक सावधगिरी हवी. रक्त पातळ करणारी कौमादिन, म्हणजे वॉर्फरिन, ही गोळी व्हिटॅमिन केचेच काम थांबवते. ती घेणाऱ्यांचा पिव्का कर्करोग नसतानाही वाढलेला येतो. पित्ताची नळी तुंबून कावीळ झाली तरी तसेच होते. तेव्हा कोणती औषधे चालू आहेत याची चिठ्ठी नेहमी जवळ ठेवा.

या तिन्ही खुणा, तुमचे वय आणि तुम्ही स्त्री की पुरुष, एवढे एकत्र करून गॅलाड नावाचा एक गुणांक काढतात. एका आकड्यावर विसंबू नये, हीच गोष्ट शास्त्रज्ञांनी तिथे गणितात मांडली आहे.

आकडा चढला, आता पुढे?

पुढे चित्र काढायचे. शिरेत औषध सोडून सी.टी. किंवा एम.आर.आय. करतात आणि तीन-चार वेगवेगळ्या क्षणी फोटो घेतात. यकृताच्या निरोगी भागाला बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, तर कर्करोगाची गाठ रोहिणीतून रक्त ओढते. म्हणून औषध पोचताच गाठ आधी उजळते आणि नंतर भोवतालच्या भागापेक्षा फिकी पडते. सिरोसिसच्या रुग्णात हे चित्र स्पष्ट दिसले तर बहुधा सुई घालून तुकडा काढायची, म्हणजे बायोप्सीची, गरज पडत नाही. ए.एफ.पी. ४०० च्या वर असला तर संशय दाट होतो, तरीही निदान चित्रावरूनच पक्के करतात.

गाठ लवकर सापडली तर खरे उपचार आहेत. यकृताचा तेवढा भाग कापून काढता येतो. लहान गाठ सुईने उष्णता देऊन जाळता येते. काहींना यकृत बदलता येते. १९९६ साली इटलीत मिलान शहरातल्या डॉक्टरांनी एक नियम घालून दिला, तो आजही जगभर पायाभूत मानतात: एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ सेंटिमीटरपर्यंत. एवढ्या मर्यादेत असेल तर नव्या यकृताचा चांगला उपयोग होतो. दर सहा महिन्यांची तपासणी कशासाठी, तर माणूस या मर्यादेच्या आत असतानाच सापडावा यासाठी.

उपचार सुरू झाल्यावर ए.एफ.पी.चे दुसरे काम सुरू होते. ज्यांचा आकडा आधी वाढलेला होता, त्यांची गाठ पूर्ण निघाली तर तो साधारण पाच-सहा दिवसांत निम्मा, आणखी तेवढ्याच दिवसांत त्याच्या निम्मा, असा उतरत जातो. उतरलेला आकडा काही महिन्यांनी पुन्हा चढू लागला तर गाठ परत येत असल्याची ती पहिली हाक असू शकते. अमेरिकेत यकृतबदलाच्या यादीत ए.एफ.पी. १००० च्या वर असेल तर आधी उपचार करून तो खाली आणावा लागतो, कारण फार वाढलेला आकडा रोग यकृताबाहेर जाण्याचा धोका दाखवतो.

रोग पुढे गेलेल्यांसाठीही आता औषधे आहेत. रोगप्रतिकारशक्तीला जागे करणारी इंजेक्शने २०२० पासून पहिल्या फळीत आली. रामुसिरुमॅब नावाचे एक औषध तर आधी सोराफेनिब घेऊन झालेल्या आणि ए.एफ.पी. ४०० किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांनाच देतात, कारण ज्यांचा आकडा कमी आहे त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. म्हणजे इथे आकडा औषध निवडायलाही मदत करतो.

आकडा चढूच नये म्हणून

मुंबईत मी नर्सिंग शिकत होते तेव्हा काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळून पुन्हा वापरायची पद्धत होती. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी तशीच इंजेक्शने घेतली आहेत. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही रक्तातून पसरतात, आणि बी आईकडून बाळालाही होतो. इस्राएलमध्ये १९९२ पासून प्रत्येक नवजात बाळाला हिपॅटायटिस बीची लस मिळते. भारतात ती सर्वत्र पोचायला आणखी बरीच वर्षे लागली. म्हणून आपल्या पिढीने, आणि १९९२ पूर्वी रक्त चढवलेल्या प्रत्येकाने, आयुष्यात एकदा तरी या दोन्ही विषाणूंची तपासणी करून घ्यावी. फॅमिली डॉक्टरांना सांगितले की साध्या रक्ततपासणीत ती होते.

हिपॅटायटिस बीचा विषाणू ओळखण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या ज्यू घरात वाढलेल्या बारूख ब्लुमबर्ग यांचे. त्यासाठी त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच निघालेली लस ही कर्करोग टाळणारी पहिली लस. तैवानने १९८४ मध्ये ती बाळांना द्यायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो १०० पैकी ९५ हून अधिक जणांत पुरता बरा होतो.

दारूबद्दल काय सांगावे! सिरोसिस असेल तर एक थेंबही नको. आपल्याकडे किद्दूशसाठी काळ्या मनुकांचे सरबत करायची जुनी रीत आहे, ती अशा घरात पुन्हा सुरू करावी. फक्त मधुमेह असेल तर पेला लहान घ्या. वजन थोडे उतरले तरी यकृतातली चरबी उतरते. कॉफी पिणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. तेव्हा कॉफी सोसत असेल तर बिनसाखरेची खुशाल प्या. बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे शेंगदाणे निवडून न खाता सगळेच टाकून द्या. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाचे कारण आहे आणि भाजल्याने ते पुरते जात नाही.

आणि भारतातून येणारे पाहुणे प्रेमाने आणतात त्या काढ्यांच्या आणि चूर्णांच्या पुड्या? २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची हकिकत वैद्यकीय मासिकात छापली. "झाडपाल्याचे आहे, अपाय नाही," असे धरून चालू नका. निदान डॉक्टरांना त्याचे नाव सांगा.

एक वही करा

शेवटी माझी नेहमीची नर्सची सूचना. एक साधी वही घ्या. एका पानावर उभे रकाने आखा: तारीख, ए.एफ.पी. आणि त्याचे माप, प्लेटलेट्स, अल्ट्रासाऊंडमध्ये काय आले, पुढची तारीख. डॉक्टर बदलतात, आपण गाव बदलतो, कधी कुपाही बदलते, मुलांना सगळे आठवत नाही. वही मात्र आपल्याबरोबर राहते. हिब्रू वाचता येत नसेल तर मुलीकडून किंवा सुनेकडून भरून घ्या. हॉस्पिटलमध्ये तपासणी असेल तर तोफेस १७ आधी मिळाला आहे ना, तेही त्याच पानावर लिहा.

डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. माझ्या यकृतात सिरोसिस आहे का? मला दर सहा महिन्यांची तपासणी लागते का? मागच्या आकड्याशी ताडून पाहिले तर हा आकडा कसा आहे? उत्तरे तिथल्या तिथे वहीत टिपा. अल्ट्रासाऊंडचे तोर मिळायला कधी कधी महिने लागतात, म्हणून आजची तपासणी झाली की सहा महिन्यांनंतरचा तोर त्याच दिवशी मागून ठेवा, आणि तो कॅलेंडरवर घरातल्या सगळ्यांना दिसेल असा लिहा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.